आरएक्स-७च्या आराखड्यावरील आपल्या आक्षेपांबाबत

स. न.

१९९३च्या माझदा आरएक्स-७साठी मी मांडलेल्या आराखड्यावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की सुरुवातीचा सगळा पैसा रेडिएटर, नळ्या आणि मापकांवर घालवणे हा अतिसावधपणा आहे. मोकळा एक्झॉस्ट आणि थोडे वाढीव बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) एवढ्यावर २५५ अश्वशक्तीची ही गाडी ३००च्या पुढे जाते आणि आपल्या मित्राची गाडी तशीच तीन वर्षे धावते आहे. शिवाय पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरांवर चालणाऱ्या ज्या रोटरी इंजिनाने १९९१ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, त्याला नाजूक म्हणणे अन्यायाचे आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत आकर्षक आहे आणि माझ्या मते सर्वांत फसवाही. ती शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीचे चार रोटरचे इंजिन सुमारे ७०० अश्वशक्ती देत होते हे खरे, पण त्याला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, नव्हता. आपल्या आरएक्स-७च्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात ६५४ सीसीच्या दोन रोटरांत दोन टर्बो हवा दाबून भरतात, आणि त्या दाबलेल्या हवेला पेट्रोल कमी पडले किंवा ती फार तापलेली असली, की मिश्रण ठिणगीची वाट न पाहता स्वतःच पेटते. पिस्टनचे इंजिन असे काही धक्के पचवून मालकाला सावध व्हायला वेळ देते. रोटरच्या टोकाची अॅपेक्स सील मात्र एखाद्या जोरदार धक्क्यातही तडकू शकते आणि तिचा तुकडा बाहेर पडताना हाउसिंग (रोटरभोवतीचे कवच) व टर्बोचे टर्बाइन ओरबाडून जातो. ल माँच्या गाडीपुढे बूस्टमुळे येणारे हे संकट नव्हतेच, त्यामुळे तिचा दाखला इथे लागू पडत नाही.

३००चा आकडा गाठता येतो, हे मलाही मान्य आहे. माझा आग्रह क्रमापुरता आहे. मूळ वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारे झडपेचे दार, लहान आहे आणि प्री-कॅटसह (धूर स्वच्छ करणाऱ्या मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा छोटा कन्व्हर्टर) संपूर्ण एक्झॉस्टचा अडथळा गृहीत धरूनच ते पुरेसे ठरते. तो अडथळा काढला, की वेस्टगेटला जादा वायू बाजूला वळवता येत नाही आणि सुमारे १० पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) थांबायला हवे असलेले बूस्ट आपण न सांगताच चढत जाते. थंड, दाट हवेत तर अधिकच. मूळ इसीयूतील (इंजिनाच्या संगणकातील) इंधनाचा हिशेब या दाबासाठी केलेला नसतो. म्हणजे आपण सुचवलेले ‘थोडे वाढीव बूस्ट’ किती थोडे, हे ठरवणे आपल्या हातात राहत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मिशिगनमध्ये असताना माझ्या पहिल्या आरएक्स-७ला मी नेमका आपण सांगता त्याच क्रमाने एक्झॉस्ट बसवला होता. एका थंड संध्याकाळी काटा १४ पीएसआयच्या पुढे गेलेला पाहिला, पाय उचलेपर्यंत उशीर झाला होता, आणि नंतरच्या तपासणीत पुढच्या रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन बाजूंचे कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची क्षमता) जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. चूक सर्वस्वी माझी होती.

आता नळ्यांविषयी, ज्यांची आपण थट्टा केली आहे. पहिल्या टर्बोच्या जोडीला दुसरा साधारण ४५०० आरपीएमला येतो आणि ती अदलाबदल व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांच्या गुंत्यावर चालते. तीस वर्षे उष्णता खाऊन त्या नळ्या काडीसारख्या कडक झालेल्या असतात. एक गळली तरी दुसरा टर्बो नीट येत नाही आणि लोक दोष देतात तो मूळ रचनेला. तेलाचेही तसेच, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतात. तरी टूरिंग प्रकारात तेलाचा कूलर एकच आहे, आर१ या प्रकारात दोन. तापमानाचा मूळ काटा तर पाणी बरेच तापेपर्यंत मध्यावर निवांत बसून असतो, म्हणून स्वतंत्र मापक लागते. या सगळ्याच्याही आधी कॉम्प्रेशनची तपासणी, तीही रोटरी इंजिनासाठीच्या खास यंत्राने. २५० आरपीएमला सहापैकी एकही आकडा दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या खाली असेल, तर पुढचे सर्व बेत इंजिन उघडेपर्यंत बाजूला ठेवावेत.

इंटरकूलरबाबत मात्र आपण बरोबर आहात. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा मूळ इंटरकूलर लहान असून बॉनेटखालच्या उष्णतेत तो लवकर तापतो, आणि त्याला मी यादीच्या तळाशी ढकलणे माझ्याच युक्तिवादाशी विसंगत होते. तो आता रेडिएटरच्या लगेच नंतर येईल, त्यानंतर वेस्टगेट मोठे करणे व इसीयूचे ट्यूनिंग, आणि एक्झॉस्ट सर्वांत शेवटी.

आपल्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगतो. मिशिगनमध्ये प्रदूषण चाचणी नसल्याची जुनी सवय म्हणा, पण कॅलिफोर्नियात प्री-कॅट काढलेली गाडी स्मॉग (प्रदूषण) तपासणीत नुसत्या डोळ्यांनी पाहूनच नापास होते, हे मी लिहायचे विसरलो. इथे रस्त्यावर चालवायच्या गाडीने एक्झॉस्टचा टप्पा गाळलेलाच बरा.

आपल्या मित्राच्या गाडीबद्दल मात्र खरोखरच उत्सुकता आहे. तिचे वेस्टगेट पोर्ट केलेले (त्याचे छिद्र कोरून मोठे केलेले) आहे का, आणि थंड सकाळी चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर बूस्टचा काटा कुठवर जातो, हे विचारून कळवाल का?