सामाईक माडावरची वायर

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेखातर बिनतारी यंत्रावर लांबच्या लोकांशी बोलायचा, छंद खर्चिक आहे असं शहरातले लोक सांगतात. ते खोटं नाही. पण कोकणात या छंदाला पैशांच्या आधी लागते ती भाऊबंदांची संमती. परवान्याने दिल्लीवाल्यांनी मला सबंध आभाळात बोलायची मुभा दिली. पण ते आभाळ ज्या माडाच्या शेंड्यापासून सुरू होतं, तो माड सामाईक निघाला.

त्या मानाने परवाना सोपा. मुंबईला जाऊन परीक्षा द्यायची. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, कुठल्या पट्ट्यात काय बोलायचं नि काय नाही याचे नियम, आणि जनरल ग्रेड हवी असेल तर मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे लांब-आखूड टकटकीची लिपी. मोर्सचा सराव मी चष्म्याची डबी, उलथनं, वाटी, हाताला लागेल त्यावर करत असे. शेवटी बायकोने जाहीर केलं, "यापुढे टकटक ऐकून मी दार उघडायला उठणार नाही." त्याच दुपारी गॅस सिलेंडरवाला टकटक करून परत गेला. पुढचे काही दिवस चुलीवर काढले, पण पास झालो. व्हीयू-२ ने सुरू होणारी कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, हातात पडली आणि सेट घ्यायचा प्रश्न आला.

सेट कोणता घ्यावा, असं चार हॅमना विचारलं तर पाच उत्तरं येतात, आणि चौघेही शेवटी म्हणतात, "पैसे सेटवर घालू नकोस, अँटेनावर घाल." तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी आधी हातातला छोटा सेट घेतला, ५ वॅटचा, व्हीएचएफवाला, म्हणजे फार उंच फ्रीक्वेन्सीचा. आपल्याकडे हॅमना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. या लहरी सरळ रेषेत चालतात. आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीकाठच्या आगरात, तिन्ही बाजूंना सड्याचा, म्हणजे वरच्या कातळपठाराचा, जांभा. माझा आवाज घरातून निघायचा तो समोरच्या चढाला आपटून तिथेच मुक्काम करायचा. सड्यावर चढून गेलं तर प्रश्न मिटत होता. उंचावरून क्षितिज लांब जातं आणि लहरी क्षितिजाच्याही थोड्या पुढे पोचतात. उन्हाळ्यात समुद्रावर गरम हवेचा थर बसला की याच लहरी त्याखाली कोंडून शेकडो किलोमीटर वाहत जातात.

पण सड्यावर डोक्याला टोपी लावून, हातात एरियलचं यंत्र धरून, वहीत आकडे लिहीत उभा असलेला माणूस आमच्याकडे एकाच जातीचा असू शकतो: सर्व्हेवाला. दिवेलागणीपर्यंत वाडीत बातमी पोचली की सड्यावर मोजणी सुरू झालीय. रात्री मुंबईहून दोघांचे फोन आले. एकाने प्रकल्प कसला ते विचारलं. दुसऱ्याने प्रकल्पाचं काही विचारलं नाही, थेट गुंठ्याचा भाव विचारला.

तेव्हा घरात बसून लांबवर बोलायचं तर एचएफ, म्हणजे त्याहून खालच्या फ्रीक्वेन्सीचा सेट, हवा हे पक्कं झालं. ४० मीटरचा पट्टा, ७ मेगाहर्ट्झच्या वरचा. या लहरी वर जातात, आयनमंडलावरून, म्हणजे आभाळात उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, वळतात आणि लांब कुठेतरी उतरतात; वाटेतल्या सड्याला विचारत नाहीत. आधी मनात होतं की सेट घरीच बांधावा. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू-२-ईएसई, यांनी साध्या बाजारी भागांतून जुळवता येईल असा 'बिटएक्स' नावाचा सेट तयार केला आणि जगभरच्या हॅमनी तो बांधला. त्यातली काही कॉइल्स त्यांनी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळली होती. मी हार्डवेअरच्या दुकानात वॉशर मागितले.

"नळ गळता?"

"नाही, रेडिओ करायचाय."

दुकानदाराने वॉशर दिले आणि काही न बोलता वर टेफ्लॉन टेपचं एक रीळ ठेवलं. गळेल तेव्हा लागेल म्हणून.

ते वॉशर अजून फडताळात आहेत. सेट मात्र मी मुंबईच्या एका हॅमकडून जुना घेतला, १०० वॅटचा. सोबत १३.८ व्होल्टचा, वीसेक अँपियर देणारा पॉवर सप्लाय. लक्झरी बसने खोकं आलं. बायकोने सेट निरखून विचारलं, "यावर एफएम लागतं?" मी खरं म्हणजे हो म्हणायला हवं होतं, कारण तांत्रिकदृष्ट्या ते हो आहे. पण तिला गाणी अभिप्रेत होती.

आता अँटेना. साधा डायपोल, म्हणजे मधे तोडलेली तांब्याची वायर. हिशेब असा की १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, मीटरमधली लांबी येते. ७.१ साठी साधारण २० मीटर, दोन्हीकडे दहा-दहा, मधून केबल खाली. जितकी उंच तितकी बरी. आमच्या आगरात अशा अंतराचे दोनच माड आहेत. एक विहिरीजवळचा, तो निर्विवाद आमचा. दुसरा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून, आणि त्या गडग्याच्या सात-बारावर एवढी नावं आहेत की तलाठीसुद्धा ती वाचताना मधे पाणी मागतो.

वाडीतल्या वाटणीदारांत सगळ्यात थोरले नाना, माझे चुलते. त्यांच्याकडे गेलो. ओटीवर सुपारी कातरत होते.

"नाना, गडग्याकडच्या माडाक एक वायर बांधूची हा."

"बांध मगे. पण करंट माडात उतरलो तर? पाडेली चढता तेंव्हा?"

करंट उतरणार नाही, बोलत असेन तेव्हाच वायरीत काय असेल ते असेल, नारळ पाडणारा पाडेली येईल त्या दिवशी मी सेट बंद ठेवीन, असं सगळं सांगितलं.

"नारळ गळतले."

नाही गळणार.

"माड सामाईक. तू बोलतलस तेचा बिल कोणाच्या नावार?"

बिल येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्याचं बिल येत नाही त्या वस्तूवर नानांचा विश्वास नाही. मग मी हुकमाचं पान टाकलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा वीज गेली, मोबाइल मुके झाले, आठवतं ना? अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओच उपयोगी पडतो. भुजच्या भूकंपात, २००१ मध्ये, हॅमनीच निरोप पोचवले होते.

नाना म्हणाले, "त्या वाऱ्यात माड उबे रवाक नाय. तुजी वायर खय रवतली?"

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

तरी ते नाही म्हणाले नाहीत; बाकीच्यांना विचार म्हणाले. मी फोन लावले, आणि या फोनांत कुठेतरी 'अँटेना' या शब्दाचा 'टॉवर' झाला. टॉवर म्हटलं की कंपनी आली, कंपनी म्हटली की महिन्याचं भाडं आलं. जी माणसं गणपतीला चार वर्षांतून एकदा तोंड दाखवतात ती शनिवारच्या रातराणीने उतरली. बोरिवलीच्या चुलतभावाने वारसनोंदीच्या झेरॉक्स आणल्या. एका आत्येने, जिचा हक्क सोडल्याचा कागद झालेला आहे, तो कागद झालेला नाही असं सांगायला मुलाला पाठवलं. आमच्या माजघरात इतकी माणसं याआधी फक्त तेराव्याला जमली होती. मी वायर आणून दाखवली. बोटाएवढीही जाड नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवता येईल. सगळे ती हातात घेऊन पाहत होते आणि विचारत होते, "बाकीचो टावर कदी येतलो?"

शेवटी वहिनीने तोडगा काढला: आलेच आहेत सगळे तर देवाला गाऱ्हाणं घालून टाका. माडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, उदबत्ती लावली, नाना पुढे झाले. मी त्यांच्याइतकं स्वच्छ गाऱ्हाणं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरान दिल्लीसून कागद हाडलो असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची तार तुटाची नाय, माडाक इजा होवची नाय, पाडेल्याक करंट लागाचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुढेमागे टावराचा भाडा इलाच, तर सगळ्यांका सारख्या वाट्यान मिळांदे रे म्हाराजा!"

या शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ने खाडीपलीकडचे कुत्रे भुंकले. रेडिओवर निरोप समजला की 'रॉजर' म्हणतात. इतक्या जोराने रॉजर म्हणणारी माणसं कुठल्याही पट्ट्यावर मला भेटलेली नाहीत.

वायर चढवणं हा त्यापुढे पोरखेळ होता. शेजारच्या गाबिताच्या पोराने गळाच्या दोऱ्याला शिसं बांधून बेचकीने माडाच्या शेंड्यावरून पार केलं. दोऱ्यामागून सुतळी, सुतळीमागून दोर, दोराला कप्पी. माड वाऱ्यात डोलतो, म्हणून वायर ताणून बांधायची नसते. एका टोकाला कप्पीवरून दोर खाली आणून त्याला जांभ्याचा तुकडा टांगला. माड झुकला की दगड वर जातो, सरळ झाला की खाली येतो. दिवसभर हा दगड वरखाली होताना बघायला पोरं गडग्यावर बसायची. केबलच्या जोडावर टेप गुंडाळायचा राहिला तर खारी हवा आठवड्यात तिथे हिरवा गंज चढवते, म्हणून तो जोड मी लहान मुलाच्या जखमेसारखा बांधला.

मग एसडब्ल्यूआर मीटर. सेटने पाठवलेली शक्ती अँटेना घेतो की परत पाठवतो, ते हा काटा सांगतो. १ म्हणजे सगळी घेतली. आमचा काटा ३ वर. नाना खांद्यावरून बघत होते.

"म्हंजे काय झाला?"

"रुपयातले चार आणे परत येतायत."

"मगे बरा हा की. बारा आण्यात काम झाला."

परत आलेले चार आणे सेटला गरम करतात, हे त्यांना पटेना. वायर थोडी लांब होती. टोकं कापण्यापेक्षा मी ती दुमडत गेलो. दुमडायचं, वर चढवायचं, मोजायचं, पुन्हा उतरवायचं. काटा दीडवर आला, म्हणजे शंभरातले चारच परत. नानांनी हिशेब मान्य केला. एवढी घट तांदुळाच्या गिरणीतही येते म्हणाले.

सेट लावला तर आत नुसती खरखर. सिग्नलचा जोर दाखवणारा काटा एस-९ वर, म्हणजे चांगलाच वर, चिकटलेला आणि माणसाचा आवाज नाही. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर कानाला लावून मी आगरभर फिरलो. खरखर जिकडे वाढते तिकडे चोर. थोडी विजेच्या खांबावर सापडली, तिथे इन्सुलेटरवर मीठ साचून ठिणग्या फुटतात. पाऊस पडल्याशिवाय त्याला इलाज नाही. उरलेली नानांच्या देवघरात. गेल्या चतुर्थीला आणलेली एलईडीची माळ, गणपतीच्या तसबिरीभोवती, चोवीस तास चालू. माझ्या ट्रान्झिस्टरमधून देव खरखरतायत हे पाहून काकी हात जोडून उभी राहिली. माळ काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बायको म्हणाली, "काकी, समई किती छान दिसेल इथे." माळ गेली, एस-९ चा एस-५ झाला. संसारात एवढ्या डेसिबलची घट दुसऱ्या कशाने होत नाही.

आणि एका दुपारी सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी साद, घातल्यावर बेंगळुरूचं स्टेशन आलं. फाइव्ह-नाइन, म्हणजे आवाज स्वच्छ आणि सिग्नल जोरात. नाना धावत आले.

"तेका हापूसच्या पेटीचो दर इचार."

धंद्याचं बोलणं चालत नाही.

"मगे माका दी, मी इचारतंय."

परवाना नसलेल्याला बोलता येत नाही.

"मगे तुमी बोलतास काय?"

सिग्नल कसा येतो, अँटेना कुठला, हवा कशी आहे.

"हवा!" नाना म्हणाले. "हवा तर दारात उबा रवल्यार दिसता."

खरं तर त्यांना खटकतं ते वेगळंच. दुपारी कणकवलीचा एक हॅम मला स्वच्छ ऐकू येतो. उन्हं कलली की आयनमंडल विरळ होतं, जवळचे सिग्नल वळून खाली न येता वर निघून जातात. कणकवली गायब होते आणि दूरदूरचे परदेशी आवाज येऊ लागतात. नानांच्या मते, जो माणूस रात्री कणकवलीशी बोलू शकत नाही त्याने परदेशाच्या गोष्टी सांगू नयेत.

काही महिन्यांनी बेंगळुरूहून पोस्टाने क्यूएसएल कार्ड आलं. झालेल्या बोलण्याची ही पोचपावती. वर माझी कॉलसाइन, तारीख, फ्रीक्वेन्सी, सिग्नलचा आकडा. पोस्टमनने ते नानांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि आधी चूक काढली: दुपारी तीनचं बोलणं, कार्डावर साडेनऊ. रेडिओवाले ग्रीनिचची वेळ लिहितात, आपल्या साडेपाच तास मागची, हे सांगितल्यावर म्हणाले, "चलात. तारीख बरोबर असा."

मग त्यांनी सात-बाराच्या उताऱ्यांची पत्र्याची पेटी काढली आणि कार्ड सगळ्यात वर ठेवलं. माडाचा वापर कोण, कधीपासून करतंय, याचा परगावच्या माणसाने सहीनिशी दिलेला कागद रोज मिळत नाही. बोरिवलीवाला उद्या कोर्टात गेला तर उपयोगी पडेल.

मी म्हटलं, नाना, कार्ड माझं आहे, मला सेटच्या वर भिंतीला लावायचंय.

पेटीला कुलूप घालत म्हणाले, "तू झेरॉक्स लाव."