वॉशिंग मशीनची वरात

माथेरानला राहते म्हटलं की डोंबिवलीची मावशी अजूनही म्हणते, "मज्जाय बाई तुझी, रोज फिरायला!" आता तिला कसं सांगू की इथं फिरायला जाणं हा प्रकारच नाहीये. गावात मोटारीला बंदी, म्हणजे दूध आणायचं तरी चाला, दळण आणायचं तरी चाला, आणि बँकेत पोचल्यावर पासबुक घरी राहिलंय हे आठवलं की परत चाला. टुरिस्ट सकाळी ट्रॅकपँट घालून पॅनोरमा पॉइंटकडे निघतात आणि आम्ही कोथिंबिरीची पिशवी घेऊन बाजारात, एवढाच काय तो फरक.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही इथं आलो, त्याला आता दोन पावसाळे झाले. पावसाळेच मोजते मी, कारण त्या चार महिन्यांत ढग घरात येऊन बसतात आणि दोरीवरचे कपडे सोमवारचे गुरुवारी काढले तरी ओलेच. वरून ही जांभ्याची लाल माती. पांढरा शर्ट इथं महिनाभर पांढरा राहत नाही, आधी बदामी होतो, मग विटकरी, आणि मग आपणच म्हणायला लागतो की हाच त्याचा रंग होता. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मी जाहीर केलं, मशीन घ्यायचं. ड्रायरवालं.

दुकानातून फोन आला. "मॅडम, गाडी दारापर्यंत येते ना?"

"नाही येत."

"मग बिल्डिंगच्या गेटपर्यंत?"

"गावाच्या गेटपर्यंत येते, दस्तुरी नाक्यापर्यंत. तिथून पुढं अडीच-तीन किलोमीटर चालत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "लिफ्ट आहे का मॅडम?"

शेवटी टेम्पोवाला दस्तुरीला खोका उतरवून, मागं न बघता निघून गेला. ई-रिक्षा आल्यात आता, पण त्या माणसांसाठी आणि तिथंही रांग. छोट्या गाडीच्या शटलमध्ये टाका म्हणाले, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनला चढवा, इकडं स्टेशनला उतरवा, परत तिथून हातगाडी, मग म्हटलं पहिल्यापासूनच हातगाडी. दोन दादा मिळाले, खोका दोरीनं आवळला आणि निघालो. पुढं मशीन, मागं मी, हातात छत्री आणि बिल.

आता आमचं गाव केवढं, तर 2011 च्या जनगणनेत साडेचार हजारसुद्धा भरलं नव्हतं. त्यातले निम्मे मला त्या दिवशी रस्त्यातच भेटले असावेत. "किती किलोचं?" "केवढ्याला पडलं?" "फुल ऑटोमॅटिक का?" एक घोडेवाले काका चक्क नाराज झाले, "वहिनी, मला सांगायचंत, घोड्यावर आणलं असतं." मी खोक्याकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं. घोड्यानं मान फिरवली. एका टुरिस्ट काकांनी विचारलं, "कुठल्या पॉइंटला नेताय?" आणि त्यांच्या मिसेसनी हसत हसत फोटो काढला, मशीनचा, माझ्यासकट.

अर्ध्या वाटेवर एक माकड झाडावरून उतरून सरळ खोक्यावर येऊन बसलं. पुढचा दादा म्हणाला, "राहू द्या ताई, उतरेल आपणहून." कसलं उतरतंय. मस्त पाय सोडून, इकडं तिकडं बघत, पार स्टेशनजवळच्या टपऱ्यांपर्यंत बसून आलं. वरातीला नवरदेव नव्हता, तोही मिळाला. चिक्कीच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, "मुंडावळ्या बांधा की!"

1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला आणि त्याला जागा फार आवडली, तिथून हे सगळं सुरू झालं म्हणतात. त्या दिवशी मला त्या माणसाचा फार राग आला. आवडली तर आवडली, गुपचूप उतरून जायचं होतं. तो रिकाम्या हातानं आला असणार, त्याचं सामान दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर असणार, मग आवडायला काय जातंय? 1907 ला नेरळहून छोटी गाडी सुरू झाली, तेव्हाही कोणी वॉशिंग मशीनचा विचार केला नव्हता हे त्या दोन फुटी रुळांकडे बघून कळतंच.

मशीन पोचलं. दोन दिवस मी बाजारात गेले की भाजीवाली मावशी आधी विचारायची, "काय, कसं चालतंय?" आणि मी सांगायची, डेमोवाला आल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणे, वॉरंटी जाते.

तिसऱ्या दिवशी डेमोवाला आला. पोरगेलासा, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, टोकदार काळे बूट. म्हणजे दस्तुरीला उतरला तेव्हा तसा असावा. रात्री परतीचा पाऊस पडून गेलेला, त्यामुळं माझ्या दारात पोचला तो गुडघ्यापर्यंत लाल होता, आणि हातातली वडापावची पिशवी माकडानं नेलेली, नुसता तिचा बंद बोटात राहिलेला. "मॅडम, इथं लोक रोज असे चालतात?" मी पाणी दिलं. काय बोलणार.

नळी जोडली, प्लग लावला, सगळी बटणं समजावली, मग म्हणाला, "टाका एक लोड." मी सवयीनं सगळं सकाळीच हातानं धुऊन टाकलं होतं. घरात धुवायला काही नाही! त्यानं हळूच खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मॅडम, माझे मोजे चालतील?"

टाकले. काचेच्या झाकणातून आम्ही दोघं बघत उभे. पाणी आधी चहासारखं, मग गेरूसारखं. तो गंभीरपणे म्हणाला, "हे वॉरंटीत बसत नाही बरं का मॅडम." पाऊण तासानं मोजे निघाले, पांढरेशुभ्र, ड्रायरनं जवळजवळ कोरडे. खूश झाला पोरगा. एक मोजा पायात चढवला, दुसरा हातात घेतला आणि थांबला.

"परत जायला दुसरा रस्ता आहे का हो?"

"नाही."

त्यानं घातलेला मोजा काढला, दोन्हींची नीट घडी करून बॅगेत ठेवले, आणि बूट तसेच घालून निघाला.