‘दहा मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

टेस्ट सूटमध्ये (प्रोग्राम तपासणाऱ्या चाचण्यांच्या संचात) बायनरी इनपुटची, म्हणजे मजकूर नसलेल्या कच्च्या बाइटांची, सोय कशी करावी, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “बेस६४ करून जेसॉनमध्ये टाका, दहा मिनिटांचं काम. ज्यांनी खरं काम केलेलं नसतं तेच यावर एवढे लांबलचक लेख पाडतात. आणि एक्सझेड प्रकरणानंतर रेपोत बायनरी फाइली ठेवा म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.” (बेस६४ म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत, जेसॉन म्हणजे डेटा मजकुरात मांडायचा साचा, रेपो म्हणजे कोड ठेवायचं भांडार; एक्सझेडचं खाली येतंच.)

मतभेद असावेत, पण माझं काम न बघता मी कामच केलेलं नाही असं आपण कशावरून ठरवलंत? वीजमीटरच्या रीडिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत माझी उमेदवारीची वर्षं गेली. तिथल्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आणि साइटवरून मात्र रोज तक्रारी. कारण शोधताना जी रात्रपाळी झाली ती मी केली आहे, ऐकीव सांगत नाही.

आता ते दहा मिनिटांचं काम. छोट्या इनपुटला, शे-दोनशे बाइटपर्यंत, बेस६४ सोयीचं आहे, हे मान्य. ते लेखात यायला हवं होतं. पण बेस६४ने सुटतो तो साठवणीचा प्रश्न. डीकोड केल्यावर ते बाइट प्रोग्रामपर्यंत कसे जातात आणि आउटपुट कशाशी ताडून बघितलं जातं, याबद्दल आपल्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. माझा अर्धा लेख त्यावरच आहे.

पीएनजी या चित्राच्या फाइलचे पहिले आठ बाइट, म्हणजे तिची ओळख पटवणारी सही, घ्या: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पायथनच्या सबप्रोसेसने (दुसरा प्रोग्राम चालवून त्याचं आउटपुट घेणाऱ्या सोयीने) आउटपुट टेक्स्ट म्हणून वाचलं आणि एरर येऊ नये म्हणून ‘रिप्लेस’ (न कळलेल्या बाइटच्या जागी खूण ठेवा) लावलं, तर यूटीएफ-८ या अक्षरलेखनाच्या पद्धतीमध्ये १३७च्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो आणि १३-१०ची जोडी (विंडोजमधला ओळीचा शेवट) नुसती १० होते. अपेक्षित फाइलही त्याच गाळणीतून वाचली जाते, म्हणून दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. प्रोग्रामने १३ गाळला तरी टेस्ट हिरवी! १३-१० त्या सहीत घातले आहेत तेच मुळी ओळीच्या शेवटांची अशी मोडतोड पकडायला, आणि आपला हार्नेस (टेस्ट चालवणारा कोड) नेमका तोच पुरावा पुसतो. आमच्या मीटरच्या फ्रेममध्ये (मीटरकडून येणाऱ्या बाइटांच्या गठ्ठ्यात) हेच झालं होतं. इनपुट बेस६४मध्ये ठेवून यातलं काय बदललं असतं, सांगा.

एक्सझेडचं, म्हणजे फाइल आवळणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचं, म्हणाल तर २०२४ मध्ये त्याच्या रेपोच्या टेस्ट फाइलींत मागचं दार लपवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोच मजकूर बेस६४मध्ये असता तर रिव्ह्यू करणाऱ्याला दिसला असता का? शक्य तिथे फिक्स्चर (टेस्टला लागणाऱ्या नमुना फाइली) स्क्रिप्टने तयार करा, असं मी लेखात लिहिलंय. तिथवर वाचलं नसावंत. रेपो फुगतो वगैरे पुढचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यांत मी शिरत नाही.

आपला हार्नेस आपल्याकडे आहेच. त्याला हे आठ बाइट द्या, प्रोग्रामच्या आउटपुटमधून १३ काढून टाका आणि टेस्ट लाल होते का ते इथेच लिहा. लाल झाली तर तुलना कशी केलीत तो कोडही टाका, मी लेखात जोडेन. नुसत्या शेऱ्यांना मात्र यापुढे उत्तर देणार नाही.