सिगिरियाच्या भिंतीपाशी

महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद धुमसतोय : गडाच्या भिंतींवर बदाम आणि नावं कोरणाऱ्यांचं करायचं काय? निम्मे म्हणतात, तिथल्या तिथे फोडून काढा. उरलेले म्हणतात, कायदा कडक करा. मी कोलंबोत राहतो, आणि इथून बघताना मला दोघांचंही पटत नाही.

गावाकडून पाहुणे आले की दौरा ठरलेला. कँडीला बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर, नुवारा एलियाजवळ सीतामातेचं मंदिर (ते यादीत नसेल तर आमच्या मावश्या विमानात पाय ठेवणार नाहीत), एल्लाचा नऊ कमानींचा पूल, गॉलचा किल्ला. आणि सिगिरिया, म्हणजे काश्यप राजाचा उंच कातळावरचा किल्ला. बाकीचं एखादं राहिलं तरी चालेल, पण सिगिरिया चढायलाच हवा.

बाराशेच्या आसपास पायऱ्या. मध्ये लोखंडी गोल जिन्याने वर गेलं की कड्याच्या पोटात रंगवलेल्या त्या प्रसिद्ध अप्सरा. काश्यप राजाची कारकीर्द ४७७ ते ४९५, म्हणजे आपल्या अजिंठ्यात वाकाटकांच्या काळातली लेणी रंगत होती त्याच्याच आगेमागे. फूल धरलेली बोटं पाहताना अजिंठा आठवतोच. काश्यप गेल्यावर हा डोंगर पुन्हा भिक्खूंकडे गेला. चित्रांचा फोटो काढायला बंदी आहे. १९६७ साली कुणीतरी त्यांच्यावर हिरवा रंग फासला होता.

जिना उतरलं की आरसा भिंत. चुन्याचा गिलावा घोटून इतका गुळगुळीत केलेला, की राजाला म्हणे त्यात आपलं रूप दिसायचं. आणि गंमत म्हणजे या भिंतीवर लोकांनी मनसोक्त लिहून ठेवलंय! हजार-बाराशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्यांनी, बहुतेकांनी सिंहलीत, वरच्या बायकांवर कविता केल्या. कुणी रूपावर भाळलंय, कुणी त्या बोलत नाहीत म्हणून रुसलंय. पुरातत्त्वज्ञ सेनारत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६मध्ये छापल्या. आज तो सिंहली साहित्याचा ठेवा. तेव्हाचे बदामच की हे!

म्हणून आता कुणीही लिहावं असं नाही. २०१५मध्ये बट्टिकलोआकडून सहलीला आलेल्या एका तमिळ तरुणीने याच भिंतीवर नाव कोरलं. शिक्षा दोन वर्षं कैद. पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हा ती सुटली. ग्रुपवर हे सांगितलं तर कडक कायदावाले खूश : ‘बघ, असं पाहिजे!’ अरे, पण केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे आपल्याही कायद्यात २०१०पासून आहे. त्याने कुठला बदाम थांबला? आणि मला तर ती शिक्षा पाहून अंगावर काटा आला. सापडते ती सहलीला आलेली साधी पोरगी, तिलाच सगळ्या देशाचा धडा शिकवायचा.

खरा फरक मला दिसला तो आमच्या काकांमुळे. दम लागला म्हणून त्यांनी भिंतीवर तळवा टेकायला हात पुढे केला, तोच गणवेशातला पहारेकरी ‘सर, सर’ करत पुढे आला. ना आरडाओरडा, ना दंडाची पावती. काकांनी हात खिशात घातला तो पार वरच्या दारातल्या सिंहाच्या पंजापर्यंत. इथेही सगळं आलबेल नाही, एल्लाला रुळांच्या कडेला पडलेल्या बाटल्या मीच पाहिल्यात. तिथे हटकायला कुणी नसतं.

राजगडावर, तोरण्यावर शनिवार-रविवारी असे चार पगारी लोक उभे करा म्हटलं, की लगेच प्रश्न : पगार कोण देणार? तिकीट लावा म्हटलं, तर ‘महाराजांच्या गडावर तिकीट?’ रायगडावर ते आहे, तरी गर्दी हटत नाही. हेच लोक इथे आले की सार्क देशांच्या नागरिकांना असलेली सवलत धरूनही सिगिरियासाठी डॉलरमध्ये पैसे मोजतात. कुरकुरतात, पण मोजतात. तोरण्यावर पन्नास रुपये द्यायला काय हरकत आहे, हे ग्रुपवर अजून कुणी सांगितलेलं नाही.