पाचारण आणि टाइमटेबल

सेमिनरीच्या, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या कॉलेजच्या, अर्जात एक रकाना असतो : 'तुम्हाला सेवेचं पाचारण कसं झालं?' तिथे पानभर लिहा. रात्रीची जागल, शेतातला मचाण, अंगावर काटा, कुणीतरी नावानं हाक मारली, सगळं चालतं. हाक शेजारच्या काकांनी मारली होती आणि हरभऱ्यात रोही शिरले होते, एवढं गाळा. एकदा प्रवेश मिळाला की पाचारणाचं काम संपलं. पुढे विषय निवडायचे असतात, आणि ते टाइमटेबल पाहून निवडायचे असतात.

सक्तीच्या विषयांचं सोडा, तिथे कुणाचं चालत नाही. खरं पाचारण ऑप्शनलमध्ये कळतं. कोणता तास जेवणानंतर येतो, कोणते सर हजेरी घेत नाहीत, कोणत्या विषयाच्या नोट्स सीनियरकडे तयार आहेत, या तीन गोष्टींवर प्रार्थनापूर्वक विचार करा. चौथी गोष्ट म्हणजे गाव. त्यावर विचार करायची गरज नाही. एकेकाळी होती, कारण सेमिनरीच आपल्या यवतमाळात होती. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली तिथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तेव्हा वर्गातून उठून थोडं चाललं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लागायची. आता घाटंजी-पांढरकवड्याचा पोरगा पुण्या-बंगलोरला जातो, आणि पऱ्हाटी सुट्टीतच दिसते.

हिब्रू मात्र घ्याच. बावीस अक्षरं, वाचायची उजवीकडून डावीकडे, स्वर म्हणजे अक्षरांच्या खालीवर टिंबं. वर्षभर घासलं की हाती चार शब्द उरतात. पण ते चार शब्द वर्षानुवर्षं पुरतात, माझे पुरले. मंडळीत कुणी डुलकी घेताना दिसलं की म्हणायचं, 'मूळ हिब्रूत इथे वेगळाच शब्द आहे!' सगळे ताठ बसतात. मी पहिल्याच वर्षी १३६ वं स्तोत्र घेतलं. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे.' मी दर वेळी 'हेसेद, हेसेद' करत होतो. उपासना सुटल्यावर निंबाखाली चपला शोधत असलेल्या एका आजीनं मला थांबवलं.

"पास्टर साहेब, ते हेसेद हेसेद काय म्हनत होते तुमी?"

"दया, आजी. न सुटणारी दया."

"मंग तसं सांगा न बापा. मले वाटलं बोंडअळीचं नवं औषध आलं."

पंडिता रमाबाईही हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये कित्येक वर्षं खपून त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बाईला वाचता यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर काम चालूच होतं. तुम्ही उलटी वाट धरा. आजीला मराठीत कळलेलं आहे, ते तुम्ही हिब्रूत न्या.

प्रवचनशास्त्र सोपं आहे. संदेशाचे मुद्दे तीन आणि तिन्ही एकाच अक्षरानं सुरू : पाप, पश्चात्ताप, पापक्षमा. हा संदेश मी लग्नात, मयतीत आणि बारशाला दिला आहे.

उपासना संगीत घ्या, कारण त्यात कीबोर्ड मिळतो. गावात गेल्यावर कळेल की लाइट नेमकी सातला जाते आणि सायंप्रार्थना सातलाच असते. मग कोपऱ्यातला कुणीतरी ढोलकी ओढतो, टाळ निघतात, नारायण वामन टिळकांचं भजन सुरू होतं आणि तुमच्याखेरीज सगळ्यांना पाठ असतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांना विजेची अडचण नव्हती. तुम्ही कीबोर्डवर हात ठेवून डोळे मिटा. लोकांना वाटेल, पास्टर साहेब प्रार्थनेत आहेत.

मंडळीचा इतिहास घेणारे हुशार असतात, कारण प्रश्न ठरलेले असतात : ३२५ ला निकेयाची धर्मसभा, ४५१ ला खाल्सेदोनची, १५१७ ला लूथरचे ९५ मुद्दे. लिहून यायचं. एक तारीख आपल्याकडचीही आहे : २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. त्या दिवशी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. हे गावात सांगू नका. आमच्या तालुक्यात तेव्हापासून एकाच्या चार झाल्या आहेत. इथला इतिहास म्हणजे कोणत्या बाकावर कोण बसतं, कंपाउंडच्या जागेची केस कोणत्या कोर्टात आहे, आणि कब्रस्थानात कुणाच्या शेजारी कुणाला पुरायचं नाही. हे शिकवायला चर्चचा चौकीदार आहे. तो फी घेत नाही, विडी घेतो.

राहता राहिलं पाळकीय समुपदेशन. ते आम्हाला दुपारी दोन वाजता असायचं. मेसमध्ये बुधवारी मटण, आणि बुधवारीच दुःखाच्या पाच पायऱ्या : नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. माझ्या वहीत पहिल्या दोन पायऱ्या नीट अक्षरात आहेत, तिसरीचा 'सौ' आहे आणि तिथून पेनाची रेघ थेट पानाखाली गेली आहे.

पहिल्या नेमणुकीला आठ महिने झाले असतील. रात्री दार वाजलं. मंडळीतल्या एकानं फवारणीचं औषध घेतलं होतं. गाडी मिळून तालुक्याच्या दवाखान्यात पोचेस्तोवर उजाडलं आणि तोवर सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी मी बायबल आणि ती वही घेऊन घरी गेलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी स्तोत्र वाचलं, तेच, १३६ वं. या वेळी मराठीत. तिनं ऐकून घेतलं. मग पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. बियाणं, खत, औषध, खाली आकडा, सही नाही, शिक्का नाही.

"पास्टर साहेब, तलाठी म्हनते बँकेचं नाहीतर सोसायटीचं कर्ज दाखवा, नाहीतर लायसनवाल्या सावकाराचं, तवाच सरकारचे एक लाख भेटते. हे कृषी केंद्राची उधारी धरतेत का त्याच्यात?"

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

हा प्रश्न पाचपैकी कोणत्या पायरीवर येतो ते मला सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. तुम्ही तो विषय घेऊच नका. जेवणानंतरचा तास असतो.