शवासनाबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

मागच्या आठवड्यात आमच्या योगाच्या सकाळच्या बॅचमधल्या एका काकूंनी शेवटचं शवासन सुरू व्हायच्या आधीच चटई गुंडाळली. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, ते प्रेतासारखं झोपायचं नको, घरात चालत नाही, आमच्या ग्रुपवर आलंय." मग तो मेसेज त्यांनी दाखवला. त्यात लिहिलंय की शव म्हणजे प्रेत म्हणून हे आसन घरात अशुभ, दक्षिणेला पाय करून तर नकोच, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की ५ मिनिटांचं शवासन म्हणजे ३ तासांची झोप, त्यात झोप लागली की आसन जमलं, कुणालाही चालतं, आणि रोज केलं तर बीपीची गोळी बंद करता येते. मी १८ वर्षं शिकवतेय आणि हा मेसेज वाचून खरंच काळजी वाटली, कारण यातल्या एका वाक्याने माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी अशुभाचं बघू. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या योगग्रंथात शवासनाची सगळी व्याख्या एका श्लोकात आहे, "उत्तानं शववद् भूमौ शयनं तच्छवासनम्", म्हणजे जमिनीवर शवासारखं उताणं पडणं ते शवासन, आणि पुढे म्हणलंय की ते "श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्" आहे, म्हणजे थकवा घालवणारं आणि मनाला विसावा देणारं. शववत्, शवासारखं. फक्त निश्चलपणा दाखवायला दिलेली उपमा आहे ती, जसं भुजंगासन केल्याने कुणी साप होत नाही. घेरंडसंहिता या दुसऱ्या योगग्रंथात तर याचं नावच मृतासन आहे आणि ते ३२ आसनांच्या यादीत बाकीच्यांसोबत सरळ बसलंय. दिशेचा त्या श्लोकात उल्लेखच नाही. तुमच्या घरात दक्षिणेला पाय करत नसतील तर चटई फिरवा, पण त्यासाठी आसन सोडू नका.

आता ५ मिनिटं आणि ३ तास. हा हिशोब कुठून आला देव जाणे. झोपेत शरीर वेगवेगळ्या टप्प्यांतून जातं, गाढ झोप असते, स्वप्नांची झोप असते, आणि त्यातलं काहीही तुम्ही जागे राहून ५ मिनिटांत उरकू शकत नाही. रात्री ४ तास झोपून सकाळी शवासनाने भरपाई करतो म्हणणारे लोक माझ्याकडे येतात आणि महिन्याभरात त्यांचे चेहरेच सांगतात.

"झोप लागली की जमलं" हे तर एकदम उलटं आहे आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. शवासनात शरीर सोडायचं असतं पण लक्ष सोडायचं नसतं, हेच त्यातलं अवघड. हॉलमध्ये फिरताना मला लगेच कळतं, ज्याचं खरंच सैल झालंय त्याची पावलं आपोआप बाहेर पडतात, बोटं किंचित आत वळतात, वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटतात आणि जीभ टाळूवरून खाली येते, बहुतेकांचा जबडा मात्र सगळ्यात शेवटी सुटतो. जो झोपलाय त्याचा श्वास जड होतो, तोंड उघडतं, घोरणं सुरू होतं. मी कुणाला रागवत नाही, झोप लागतेय म्हणजे रात्रीची कमी पडतेय. पण ज्यांना रोज लागते त्यांना मी एक हात कोपरातून उभा ठेवायला सांगते, डुलकी आली की हात पडतो आणि माणूस जागा होतो. डुलकी लागताना कधीकधी अंगाला झटका बसतो, त्यालाही घाबरू नका, तो रात्री अंथरुणातही बसतो.

"कुणालाही चालतं" हेही खरं नाही. गरोदर बाईने साधारण २० आठवड्यांनंतर जास्त वेळ उताणं पडून राहू नये, गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. तिने डाव्या कुशीवर, पायांत उशी घेऊन करावं. कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली लोड किंवा गुंडाळलेली सतरंजी, ॲसिडिटीवाल्यांनी डोकं-खांदे उंच. आणि डोळे मिटून निपचित पडल्यावर ज्यांचा जीव घाबरतो त्यांनी डोळे उघडे ठेवले तरी काही बिघडत नाही.

शेवटी गोळी. याला थोडा आधार आहे म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ पेशंटना शवासन शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष १९६९ साली छापले. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींचा औषधाचा डोस कमी करता आला. पण ते नुसतं पडून राहणं नव्हतं, त्यात संथ श्वासाचा नेमाने सराव होता, आणि डोस कमी करणारे डॉक्टर होते, बीपी मोजून. व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. मी काकूंना विचारलं, गोळी चालू आहे ना? त्या गप्पच बसल्या. दोन दिवस घेतली नव्हती. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी परत सुरू झाली.

करायचं कसं म्हणाल तर पाय फुटभर लांब, हात काखेत हवा खेळेल इतके दूर, तळवे वर, हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली पातळ घडी, थंड फरशीवर नाही. निदान १० मिनिटं. उठताना झटकन उठू नका, आधी कुशीवर वळा, दोनचार श्वास थांबा, मग हाताने जमीन रेटत बसा, बीपीवाल्यांना एकदम उभं राहिलं की चक्कर येते. काकू सोमवारपासून परत येतायत, त्यांच्यासाठी भिंतीजवळची जागा ठेवलीय, उठताना हात टेकायला.