पाम तेल सोयाबीन म्हणून खपवणाऱ्यांनो, फिल्टर साफ करायला तुम्हीच या

"प्लंजर गेला मालक! भज्याच्या तेलावर इंजन चालत असतंय व्हय?"

ढाब्यावरच्या वापरलेल्या तेलाचं मी घरीच बायोडिझेल बनवतो अन् रानातल्या पाण्याच्या इंजनात डिझेलसोबत घालतो. आज सकाळी इंजन चालू होईना, तर मिस्त्रीनं चार माणसांसमोर हे ऐकवलं, म्हणजे डिझेल पंपातला दट्ट्याच गेला, अन् ते बी इंजनला हात न लावता. गाडी स्टँडवर लावली, लांबूनच वास घेतला अन् निकाल देऊन मोकळा. अरे बाबा, फिल्टरचं भांडं तर खोल आधी! पाना सुद्धा बाहेर काढला नाही. मी म्हणलं आत थिजलंय, प्लंजरला काही झालेलं नाही, तर म्हणे "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला सगळं माहीत, मग आम्हाला कशाला बोलावलं?" वरून येण्याचे पैसे घेतले ते घेतलेच. तो गेल्यावर मीच भांडं खोललं. एलिमेंटच्या, म्हणजे आतल्या गाळणीच्या, घड्याघड्यांत पांढरट मेणचट थर बसलेला, नखानं खरवडला की निघायला, अन् टाकीकडून येणारी नळी दाबून बघितली तर आतून कडक. घरून गरम पाणी आणलं, फिल्टरवर अन् नळीवर ओतलं, एअर काढली, हँडल मारलं, इंजन चालू. प्लंजर गेला म्हणे! त्याचं ऐकून पंप खोलायला दिला असता तर पैसे गेले असते ते गेलेच असते, वर गव्हाची पाण्याची पाळी चुकली असती. अन् एवढं करून बदनामी व्हायची ती झालीच, दुपारपर्यंत जो भेटल तो विचारायला, काय भाऊ, तेल घालून इंजन खराब केलं म्हणे.

मला सांगा, थंडीत घट्ट व्हायचं हे काय फक्त माझ्याच तेलाला असतं का? पंपावरच्या डिझेलला सुद्धा सरकारी मानकात हिवाळ्याचा वेगळा नियम आहे, पोअर पॉइंट, म्हणजे ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान, उन्हाळ्यात १५ डिग्रीपर्यंत चालतो पण हिवाळ्यात ३ च्या वर नको. कामून असल हो हा नियम? डिझेलमधी बी मेण असतं म्हणूनच ना! पण ते कुणी बोलणार नाही. घरी बनवलं की ते भज्याचं तेल.

अन् खरा राग मला मिस्त्रीवर नाहीच, ढाब्यावाल्यावर आहे. हायवेवरचा हा माणूस मला दरवेळी छातीठोक सांगतो, "आपल्याकडं सोयाबीनशिवाय तेल नाही भाऊ." त्याच भरवशावर वापरलेलं तेल त्याच्याकडून घेतो, अन् भाव बी सोयाबीनचाच देतो. आता ज्यानं कधी हे केलंय त्याला माहीत असतं, सोयाबीनच्या बायोडिझेलचा क्लाउड पॉइंट, म्हणजे गढूळ होऊन मेण धरायला लागतं ते तापमान, शून्याच्या आसपास, अन् पामचा १३ ते १६ डिग्री. परभणीकडं पारा पाच-सहावर यायला लागला की पामचं आख्खं ड्रम खोबरेल तेलागत थिजून बसतं. माझं ड्रम आत्ता तसंच बसलंय. म्हणजे सोयाबीन कुठंय यात? ड्रम खोटं बोलत नाही. विचारलं तर म्हणे "थंडीच लई पडलीय यंदा." थंडी पडलीय हे मला माहितीय, पहाटे पाच वाजता रानात मीच होतो!

संताप कशाचा येतो, तर सोयाबीन आमच्याच रानात पिकतं. २०२४-२५ ला हमीभाव ४८९२ रुपये, अन् मोंढ्यात माल घेऊन गेलं की ओलावा जास्त, डागी आहे, माती आहे करत चार हजाराच्या आसपास बोली. आम्ही ते मातीमोल विकायचं अन् आमच्याच तालुक्यातल्या कढईत इंडोनेशिया-मलेशियाचं पाम उकळायचं, ते बी सोयाबीनच्या नावानं. अन् ते किती उकळायचं त्याला काही धरबंध? १ जुलै २०१८ पासून नियम आहे, टोटल पोलार कंपाउंड, म्हणजे पुन्हा पुन्हा तळून तेलात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. माझ्याकडं येतं ते काळंकुट्ट, तळाला मिरचीच्या बिया अन् बेसनाचा गाळ. मला ते परवडतं, मी टायट्रेशन करून, म्हणजे तेलातलं आम्ल मोजून, बायोडिझेल बनवताना कॉस्टिक सोडा वाढवून घेतो. पण त्यात तळलेलं कुणीतरी खाल्लेलं असतं ना.

सल्ले देणारे तर वेगळेच. बायोडिझेल बनवायच्या व्हिडिओत तो गोरा माणूस बर्फात उभा राहून सांगतो, लई सोपंय. सोपं असणारच, त्याच्याकडं कॅनोलाचं, म्हणजे मोहरीच्या जातीतलं, तेल असतं, ते शून्याच्या खाली गेलं तरी पातळ राहतं, हे तो सांगतच नाही. अन् आपल्याकडचे त्याचंच मराठीत करून टाकतात, थंडीचं एक अक्षर नाही. बनवताना तेल ५५ डिग्रीवर टिकवायचं, ६४.७ ला तर त्यात मिसळलेलं मिथेनॉल, म्हणजे स्पिरिटसारखं रसायन, तेच उकळतं, म्हणजे मधली जागा केवढी? शेडमधी आठ डिग्री, ड्रम इकडून तापवा तिकडून गार, अन् लाईटीला दाब नाही, रॉड नुसता कोमट होतो. कॉस्टिक घालून केलं की ड्रमच्या तळाला जी ग्लिसरीन साचते ती घट्ट बसते, कॉक उघडत नाही. रिॲक्शन पूर्ण झाली का बघायची ती मिथेनॉलची टेस्ट सुद्धा २०-२२ डिग्रीलाच नीट येते, गारठ्यात चांगला माल बी नापास दाखवते. यावर आमचे एक मामा म्हणतात, "चुलीवर ठेव की सरळ." मामा, त्यात मिथेनॉल आहे! वाफेनं पेट घेतला तर शेड जाईल, माणूस जाईल. अन् ते पोटात गेलं तर डोळे जातात. हे मी त्यांना दर हिवाळ्यात सांगतो अन् ते दर हिवाळ्यात चूल सुचवतात.

पुन्हा वर, "एवढा खटाटोप कशाला, मोटर लाव." मोटर लावू? डीपी जळून पडलीय, रोज उद्या येते म्हणतात. अन् डीपी होती तेव्हा तरी काय, थ्री फेजची पाळी रात्रीची, कडाक्याच्या थंडीत टॉर्च घेऊन दारं मोडत फिरायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. शेतकऱ्याला दिवसा लाईट द्या म्हणून किती वर्षं ओरडायचं? रेशनचं रॉकेल असतं तर तेवढं मिसळून बी भागलं असतं, ते बी बंद.

थंडी सरेपर्यंत आता टाकीत डिझेलच्या पाचव्या हिश्शाच्या वर हे घालायचं नाही. ड्रममधलं वर निवळल तेवढंच काढायचं, बाकीचं ऊन तापेपर्यंत पडू द्यायचं. अन् ढाब्यावाल्याकडून इथून पुढं आधी बाटलीभर तेल घ्यायचं, गाळून रात्रभर फ्रीजमधी ठेवायचं. सोयाबीन असल तर वाहतं राहील अन् सोयाबीनचा भाव मिळल. थिजलं तर बाटली त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवणार, गिऱ्हाईक बसलेलं असताना.